पिलिपोचं पहिलं उकुलेले

पिलिपोचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. बेटावरच्या कालिही वस्तीतल्या त्या गल्लीत आपल्याआधी कुणी उठत नाही याचा त्याला अभिमान होता, आणि तो अभिमान तो झाकून ठेवत नसे. अननसाच्या कारखान्यात जाणाऱ्या बायका त्याच्यानंतर उठत. पाद्री तर कितीतरी नंतर. आदल्या दिवशीची पोई, अळूच्या कांद्यांचा तो आंबूस लगदा, तो उभ्यानंच दोन बोटांनी खायचा, सुक्या माशाचा तुकडा तोंडात टाकायचा आणि दार हळूच ओढून बाहेर पडायचा.

बर्फाच्या कारखान्यामागून जाताना रोज अंधारातून टिकटिक ऐकू यायची. बारीक, कोरडी, एकसारखी. कुठलातरी नळ गळतोय, असं तो समजायचा. इतके दिवस गळतोय आणि एकालाही दुरुस्त करावासा वाटत नाही, म्हणून मनातल्या मनात कारखान्याच्या माणसांना आळशी म्हणायचा आणि पुढे जायचा.

बालतझार मेस्त्रीचं दुकान किंग स्ट्रीटच्या मागच्या बोळात होतं. तिथं फक्त उकुलेले बनत. चार तारांचं, बगलेत मावणारं वाद्य. मेस्त्रीचा बाप मदेरा बेटावरून उसाच्या कामाला जहाजातून आला तेव्हा असंच एक छोटं तंतुवाद्य छातीशी धरून आला होता. उसात हात फुटले तेव्हा तो मूळ धंद्याकडे, सुतारकीकडे वळला आणि इथल्या कोआ झाडाच्या लाकडातून तसलीच वाद्यं बनवायला लागला. इथल्या माणसांनी बोटं तारांवर उड्या मारताना पाहिली आणि वाद्याचं नाव ठेवलं उकुलेले, म्हणजे उडणारी पिसू. मेस्त्री म्हणायचा, "वाद्य आमचं, लाकूड तुमचं, नाव तुमचं. भांडण नको म्हणून पैसे बोटीनं येणारे पाहुणे देतात."

पिलिपोचं काम कडा वाकवायचं. भट्टी पेटवायची, सरसाचं भांडं चढवायचं, लोखंडी नळी तापवायची. पाण्यात भिजलेली पातळ पट्टी नळीवर धरून दाबत न्यायची. नळी कमी तापली तर लाकूड वाकत नाही, जास्त तापली तर करपतं, घाई केली तर कडकन मोडतं. नळी किती तापली ते तो थुंकीच्या थेंबानं ओळखायचा. तळहाताची कातडी कधीच जाड झाली होती. बारा वर्षं तो दुसऱ्यांच्या वाद्यांच्या कंबरा वाकवत होता. त्याची पट्टी मोडत नसे. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही त्याचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं.

तोंडी नाव होतं एनोकाचं.

एनोका त्याच गल्लीत, चार घरं सोडून राहायचा. बोट लागायची त्या दिवशी तो धक्क्यावर वाजवायचा, संध्याकाळी वायकिकीच्या हॉटेलात. चार तारांतून तो गाणंही काढायचा आणि गाण्याच्या खालचा ठेकाही, दोन माणसं वाजवताहेत असं वाटायचं. बोटीवरच्या गोऱ्या बायका त्याच्या गळ्यात आपल्याच गळ्यातले हार घालायच्या. आणि दुपारी पिलिपो घरी जेवायला यायचा तेव्हा हा कलाकार चिंचेखाली चटई टाकून तोंड उघडं टाकून घोरत असायचा. घामाचा थेंब नाही. हात बायकांसारखे मऊ.

"देव पण बघून देत नाही," पिलिपो म्हणायचा. "झोपलेल्याच्या ताटात वाढतो."

"तुझ्या ताटात काय कमी आहे?" लेइमोमी विचारायची.

लेइमोमी त्याची बायको. लग्नाआधी ती चर्चमध्ये एनोकाच्या साथीवर गायची. गल्लीनं तेव्हा या दोघांचं लग्न आपल्या मनात लावूनही टाकलं होतं. झालं भलतंच. ती पिलिपोच्या घरी आली. पण भांडी घासताना गुणगुणायची ती एनोकाचीच गाणी. एकदा पिलिपोनं विचारलंच, "माझ्या साथीवर का गात नाहीस?"

"तू पळतोस. तो माझ्या श्वासासाठी थांबतो."

एवढंच म्हणाली आणि भांडं उपडं ठेवलं. पिलिपोला ते वाक्य कुसळासारखं रुतलं. दिसत नव्हतं आणि निघतही नव्हतं.

लेइमोमीला दिवस गेले त्या वर्षी मेस्त्री म्हणाला, "पिलिपो, आता एक अख्खं वाद्य कर. खुंट्यांपासून घोडीपर्यंत. तुझ्या नावाचं."

पिलिपो याच दिवसाची वाट बघत होता. मजुरीतून थोडं थोडं बाजूला टाकून त्यानं कोआची एक फळी घेऊन ठेवली होती. साधी नाही. पाण्यावर वारा सुटावा तशा लाटांची. उन्हात धरली की आत काहीतरी हलतंय असं वाटायचं. ती जुन्या गोणपाटात गुंडाळून त्याच्या खाटेखाली होती. त्याचं ठरलं होतं. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचं जेवण घालायचं, सगळी गल्ली बोलवायची, आणि या लाकडाचं वाद्य स्वतःच वाजवायचं. लेइमोमीनं त्याच्या साथीवर गायचं. सगळ्यांदेखत.

आडवा आला तो रिवाज. आपल्या हातची पहिली वस्तू घरात ठेवायची नाही. पहिली विणलेली चटई, पहिली टोपी, पहिली गोधडी, जे काय असेल ते दुसऱ्याला द्यायचं. ठेवून घेतली तर हात तिथंच अडतो. हे लेइमोमीच्या आईनंच नाही, पिलिपोच्या आजोबांनीही सांगितलेलं. पिलिपोनं आजवर कडाच केल्या होत्या, अख्खं काही केलंच नव्हतं, त्यामुळे देण्याचा प्रश्न आला नव्हता.

त्यावर त्यानं तोड काढली. लाटांची फळी खाटेखालीच राहिली. दुकानाच्या कोपऱ्यातल्या टाकाऊ तुकड्यांतून त्यानं एक वाद्य जुळवलं. पुढच्या फळीला गाठ होती, चीर होती. चीर जाईपर्यंत रंधा मारत गेला, तर फळी पापडाइतकी पातळ झाली. होऊ दे म्हणाला. पडद्यांना पितळ लावलं तेही डब्याच्या तळाचं, मऊ. पॉलिश एकच हात. जो माणूस बारा वर्षं एक पट्टी मोडू देत नव्हता, त्यानं हे असं काम केलं आणि त्याला लाजही वाटली नाही.

द्यायचं कुणाला, तेही ठरलं होतं. चिंचेखाली जाऊन त्यानं एनोकाला पायानं हलवलं.

"ऊठ. हे घे. माझं पहिलं."

एनोका डोळे चोळत बसला. "मला?"

"तूच तर मोठा वाजवणारा. बघू याच्यातून काय काढतोस."

टोमणा होता. एनोकाला तो कळलाच नाही, किंवा कळून त्यानं बाजूला ठेवला. दोन्ही हातांनी वाद्य घेतलं, कपाळाला लावलं. म्हणाला, "पहिलं दिलंस. हे मी विकणार नाही, कुणाला देणारही नाही." संध्याकाळी त्यानं पानांचा हार पिलिपोच्या दारावर आणून टांगला. सगळी गल्ली पिलिपोच्या मनाच्या मोठेपणाबद्दल बोलायला लागली. असं कौतुक त्याला बारा वर्षांत मिळालं नव्हतं, आणि मिळालं ते घशाखाली उतरेना.

मग त्या वाद्याचा आवाज निघाला.

पिलिपो तेव्हा अंगणात खुर्ची दुरुस्त करत होता. चार घरं पलीकडून एनोकानं एक तान घेतली. हातोडी पिलिपोच्या हातात तशीच राहिली. हलकं, मोकळं, काच वाजावी तसं. टाकाऊ तुकड्यांचा डबा, आणि तो बोलत होता.

"हे तू केलेलं?" लेइमोमी ओसरीवर येऊन म्हणाली. पोट धरून उभी होती. "पिलिपो, हे तू केलेलं?"

"वाजवणाऱ्याचं आहे ते," तो म्हणाला. कधी नव्हे ते एनोकाला श्रेय दिलं, तेही रागानं.

आता तो लाटांच्या फळीला लागला. मेस्त्रीच्या कामानंतर रोज थोडा वेळ. इतक्या महागाच्या लाकडावर रंधा फिरवताना त्याचा हात आखडायचा. जरा पातळ केलं की वाटायचं, पुरे, फुकट जाईल. सांधे असे बसवले की नख शिरणार नाही. पॉलिशवर पॉलिश. झालं तेव्हा दुकानातली माणसं कामं टाकून बघायला आली. मेस्त्रीनं उचललं, कानाशी धरलं, बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि खाली ठेवलं.

"देखणं आहे."

"आणि?"

"देखणं आहे म्हटलं ना. लाकूड फार जपलंस, बाबा. आता ते तोंड उघडायला वेळ घेईल."

पिलिपोनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. काठानं शिंपल्याची नक्षी केली की बघा, असं तो म्हणाला. नक्षीवाला चिनी माणूस मागणीप्रमाणे काम करायचा, महाग होता. पिलिपो दर पगाराला काही रक्कम मेस्त्रीकडे ठेवत गेला. मुलगी झाली, तिला दात आले, ती भिंतीला धरून उभी राहायला लागली. नक्षीचे पैसे साठत होते. पिलिपो रोज संध्याकाळी वाजवायचा. अर्धा तास. कधी पाव. दमलेला माणूस आणखी काय करणार. चार घरं पलीकडून ते टाकाऊ वाद्य वाजायला लागलं की तो आपलं खाली ठेवायचा.

वाढदिवस जवळ आला. लेइमोमी म्हणाली, "एनोकाला सांगितलंय मी."

"जेवायला?"

"जेवायला. आणि वाजवायलाही, नाहीतर काय."

"माझ्या लेकीच्या जेवणाला मी वाजवणार. माझ्या हातच्या वाद्यावर."

"वाजव की. कुणी हात धरलाय? त्याच्याही हातात तुझ्याच हातचं आहे."

पिलिपोनं टोपी उचलली आणि दुकानाची वाट धरली.

त्याच आठवड्यात एनोका दुकानात आला. वाद्य टॉवेलात गुंडाळलेलं होतं. "पिलिपो, सूर लागत नाहीत रे. तारा खडखडतात. बघतोस का?"

"शनिवारी जेवण आहे."

"म्हणून तर."

"सरस वाळायला वेळ लागतो. सांगता येत नाही."

एनोकानं मान हलवली. "नाही झालं तर नाही. तुझीच लेक आहे, तूच वाजव. मी डुक्कर भाजायला खड्डा खणेन." आणि गेला. राग नाही, आर्जव नाही. पिलिपोला वाटलं, हा माणूस एकदा तरी भांडला असता तर बरं झालं असतं.

वाद्य त्याच्यासमोर होतं. काही करायचं नव्हतं. खुंटीला टांगून ठेवायचं आणि शनिवार जाऊ द्यायचा. सरस वाळला नाही म्हणायचं. कोण तपासणार?

टांगण्याआधी त्यानं ते उजेडाला धरलं, सवयीनं.

पडद्यांवर तारांच्या खाली खाचा पडल्या होत्या. नख अडकावं इतक्या खोल. पितळ मऊ होतं हे खरं, ते त्यानंच लावलं होतं. पण दोन पडद्यांमधलं लाकूडही खोलगट झालं होतं. बोटांनी, नुसत्या बोटांनी. वरचे दोन-तीन पडदे सगळ्यांचेच झिजतात. इथं खालपर्यंत, जिथं हात पोचवायला मनगट मोडावं लागतं, तिथंही तसंच. पुढच्या फळीवर नखांच्या माऱ्यानं पॉलिश जाऊन लाकूड कागदासारखं झालं होतं. मेस्त्रीकडे दहा-दहा वर्षं वाजवलेली वाद्यं यायची. पिलिपोनं असं झिजलेलं एकही पाहिलं नव्हतं. आणि हे तर परवा परवा दिलेलं.

घोडीपाशी तारांखाली एक चिंधी राहून गेली होती. त्यानं ती ओढली नाही. तशीच ठेवून तार छेडली.

टिक.

दुसरी छेडली. टिक. बारीक, कोरडी.

पिलिपो बाकड्यावर बसला.

संध्याकाळी तो चिंचेखाली गेला. एनोका हॉटेलला जायला निघाला होता.

"ती चिंधी कसली?"

"ती होय. आवाज दबतो. लोक झोपलेले असतात ना."

"कधी वाजवतोस?"

"असतं पहाटेचं. बर्फाच्या कारखान्यामागे, गार असतं, डास नसतात." एनोका जरा ओशाळला. "तू जातोस तेव्हा मी थांबत नाही, हाक मारत नाही. तुला घाई असते."

"मी जातो तेव्हा तू केव्हाचा असतोस?"

"असतो थोडा आधी. एकच जागा पुन्हा पुन्हा घ्यावी लागते, पिलिपो. माझी बोटं जड आहेत. तुझ्यासारखी असती तर इतकं लागलं नसतं."

पिलिपो घरी आला. जेवला नाही. आजवर त्याच्याकडे एक आधार होता. देवानं त्याला फुकट दिलं, मला कष्ट दिले. या एका वाक्यावर तो इतकी वर्षं एनोकाचा मत्सर करत होता आणि मत्सर करूनही ताठ मानेनं चालत होता. ते वाक्य आज गेलं. आता मत्सर तेवढा उरला, आणि टेकायला काही नाही. दुपारची ती घोर झोप त्याला आठवली. पहाटे आपल्याही आधी उठणारा माणूस दुपारी झोपणारच.

दुसऱ्या दिवशी तो मेस्त्रीपुढे उभा राहिला. "नक्षीवाल्याला नको म्हणून सांगा. मला जाड पितळ द्या. चांगलं, मऊ नको. आणि तातीच्या तारा, पेटीतल्या, पहिल्या प्रतीच्या. आणि पडद्यांखालच्या पट्टीला काळं लाकूड."

मेस्त्रीनं चष्म्यावरून पाहिलं. "त्या एनोकाच्या डब्याला? त्याच्याकडून घेऊ ना पैसे."

"पहिल्या वस्तूचे पैसे घेत नाहीत."

"तुमचा रिवाज आहे, मला मान्य. पण पितळ माझं आहे."

"म्हणून तर देतोय तुम्हाला. नक्षीचे पैसे साठलेत ना तुमच्याकडे?"

"सगळे जातील, पिलिपो. काळं लाकूड आगबोटीनं येतं."

"जाऊ द्या."

त्यानं जुनी पट्टी तापवून उचकटली. नवी बसवली. पडदे एकेक ठोकले, कानसीनं सरळ केले, तळहात फिरवून पाहिला, कुठं खरखरलं की पुन्हा कानस. पुढची पातळ फळी आतून पट्टी लावून सांभाळली, पण बाहेरून तिला रंधा लावला नाही. हे काम त्यानं पहिल्या वेळी करायला हवं होतं तसं केलं. करताना त्याला चांगलं वाटलं असं नाही. दात आवळलेलेच होते. शुक्रवारी संध्याकाळी वाद्य तयार होऊन एनोकाच्या घरी पोचलं.

शनिवारी खड्ड्यातून डुक्कर निघालं, केळीच्या पानांची वाफ गल्लीभर पसरली. मुलीच्या गळ्यात इतके हार होते की तिची हनुवटी दिसेना. जेवणं झाली तसा पिलिपो आपलं लाटांचं वाद्य घेऊन बसला. त्याला बोललेलं करायचं होतं. ऊन त्याच्यावर पडलं आणि बायका "बाई बाई" म्हणाल्या. त्यानं सुरू केलं. लेइमोमी त्याच्या शेजारी उभी राहून गायला लागली. दुसऱ्या ओळीला तो पुढे गेला. तिनं गाठलं. तिसऱ्या ओळीला पुन्हा गेला. ती हसून थांबली. माणसांनी टाळ्या वाजवल्या, यजमानासाठी वाजवतात तशा.

एनोका खड्ड्याच्या कडेला मातीचे हात घेऊन उभा होता. पुढे आला नाही. वाद्य त्याच्या काखेत होतं. सगळे पिलिपोकडे बघत राहिले.

"वाजव आता," पिलिपो म्हणाला. "नवं पितळ काय शोभेला लावलंय?"

एनोकानं हात पुसले, बसला, आणि वाजवलं. लेइमोमीनं तेच गाणं पुन्हा घेतलं. पिलिपो आता तिच्याकडे बघत नव्हता, त्याच्या बोटांकडे बघत होता. ती ओळ संपवत आली की ती बोटं तारेच्या जरा वर थांबत. श्वास भरेपर्यंत, जास्त नाही. तीही शिकलेलीच गोष्ट होती. अंधारात, कुणी गात नसताना. कुणाचा श्वास मनात धरून शिकला असेल, असा विचार आला आणि पिलिपोनं उठून डुकराची हाडं उगीचच गोळा करायला घेतली. 

"नक्षी राहिली का रे?" रात्री लेइमोमीनं त्याचं वाद्य भिंतीला टांगताना विचारलं.

"राहिली."

"नाहीतरी छान दिसतं."

दुसऱ्या दिवशी रविवार. पिलिपो पहाटे तीनलाच उठला. लाटांचं वाद्य घेतलं, तारांखाली कोंबायला एक चिंधी घेतली आणि बर्फाच्या कारखान्याकडे गेला. भिंतीच्या कोपऱ्याशी थांबला.

टिकटिक चालू होती. एकच जागा, पुन्हा पुन्हा. आता खडखड नव्हती. चिंधीखालूनसुद्धा प्रत्येक सूर जागच्या जागी बसत होता, जाड, चांगल्या पितळावर. ते पितळ पिलिपोच्या मजुरीचं होतं.